रेड आहे म्हणता? मग पहिली डिस्क काढून दाखवा

“रेड टाकलंय, आता टेन्शन नाही.”

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर जिथे जिथे एखाद्या कोपऱ्यात सर्व्हर नावाचं खोकं घरघरत बसलंय, तिथे तिथे हे वाक्य कुणीतरी कुणाला तरी ऐकवलेलं आहे. पतसंस्थेत, शाळेच्या संगणक कक्षात, दवाखान्याच्या काउंटरमागे, शनिवार-रविवारी फुटून वाहणाऱ्या रिसॉर्टच्या ऑफिसात. म्हणणारा बिल घेऊन मोकळा झालेला असतो. ऐकणारा मान डोलावतो, कारण रेड म्हणजे काय असं विचारलं तर आपलंच अडाणीपण उघडं पडेल अशी त्याला धास्ती. मी याच पट्ट्यात संगणक आणि सर्व्हर दुरुस्तीची कामं करते. हे वाक्य खोटं असतं तर बरं झालं असतं, पकडता तरी आलं असतं. ते अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचं काय, हे विचारायला कुणी जात नाही.

उरलेला अर्धा प्रश्न असा: पहिली डिस्क मेली तर हे मशीन पुन्हा उठेल का? माहिती शाबूत राहील का, हे मी विचारत नाहीये. ती राहील. मशीन उठेल का, एवढंच सांगा. हे करून न दाखवता सर्व्हर ताब्यात देणं म्हणजे अर्धं काम करून पूर्ण पैसे घेणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे ते सर्रास चालतं.

रेड म्हणजे इथे रंग नव्हे, आर-ए-आय-डी. १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी छोट्या, स्वस्त डिस्कची रांग लावा, आणि त्यातली एखादी गेली तरी काम अडू नये म्हणून माहिती जादा जपून ठेवा, असा त्यातला विचार. त्या चार अक्षरांतलं ‘आय’ मूळचं ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चं, म्हणजे स्वस्तचं. पुढे विकणाऱ्यांना स्वतःच्या मालाला स्वस्त म्हणणं जड जाऊ लागलं, आणि त्याचं ‘इंडिपेंडंट’ झालं. असो.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे रेड-१, आरसा. दोन डिस्क, एकीवर लिहिलं ते दुसरीवरही तसंच्या तसं. रेड-५ मध्ये तीन किंवा जास्त डिस्क, माहितीचे तुकडे सगळ्यांवर पसरलेले, आणि त्यासोबत असा हिशेब की कुठलीही एक गेली तर बाकीच्यांवरून तिच्यावरचं पुन्हा काढता यावं. डिप्लोमा किंवा बीएस्सी आयटी केलेल्यांना हे पाठ असतं. ‘रेडचे प्रकार सांगून फरक स्पष्ट करा’ या छापाचा प्रश्न ठरलेला. तक्ता काढायचा, शून्य, एक, पाच, दहा, गुण घ्यायचे. एकाही प्रॅक्टिकलला विद्यार्थ्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर देऊन “काढ ती डिस्क आणि आता सुरू करून दाखव” असं सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

या रांगेच्या वर हल्ली आणखी एक थर असतो, एलव्हीएम. त्याला आपण हिश्शांचा थर म्हणू. डिस्कची जुन्या पद्धतीने वाटणी म्हणजे भावाभावांतली वाडीची वाटणी. एकदा बांध घातला की घातला. एकाच्या हिश्शात सुपारी दाटलेली, दुसऱ्याच्या हिश्शात जागा रिकामी, पण बांध सरकवायचा तर सगळी वाडी उपटावी लागते. एलव्हीएम म्हणतं, बांध काढून टाका, सगळी जमीन एकाच सामायिक सातबाऱ्यावर घ्या, आणि हिस्से फक्त कागदावर ठेवा. ज्याला कमी पडेल त्याचा हिस्सा वाढवा, उद्या शेजारचा तुकडा विकत घेतलात तर तोही त्याच सातबाऱ्यात टाका. फार सोयीचं प्रकरण आहे. माझं त्याच्याशी काही भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते बटण दाबल्यावर.

मशीनचं बटण दाबलं की पहिल्यांदा जागं होतं ते बोर्डावरचं फर्मवेअर. हा गेटवरचा म्हातारा वॉचमन समजा. त्याला रेड कळत नाही, सामायिक सातबारा कळत नाही. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये, म्हणजे बायोस असलेल्या, त्याला एकच गोष्ट येते: एका डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट वाचायचे आणि त्यात जे लिहिलंय ते करायला लागायचं. त्या ५१२ मधले ६४ वाटणीच्या नोंदीला जातात, २ खुणेला, आणि प्रोग्रामसाठी उरतात ४४६. मराठी मजकुरात अक्षराच्या एकेका खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे अख्खं मशीन उठवायची पहिली आज्ञा ज्या जागेत बसते, तिथे दीडशे मराठी खुणासुद्धा मावणार नाहीत. एवढ्याशा जागेत रेडचं आणि एलव्हीएमचं गणित कुठून मावणार? ते सगळं ऑपरेटिंग सिस्टिमला येतं. आणि ऑपरेटिंग सिस्टिम कुठे ठेवलीय? रेडवरच्या एलव्हीएममध्ये. पेटीची किल्ली पेटीत.

लिनक्सवाल्यांनी यावर पायऱ्यापायऱ्यांनी तोड काढली आहे. त्या ४४६ बाइटांचं काम एवढंच की पुढची, थोडी मोठी पायरी शोधून द्यायची. ती पायरी, ग्रब नावाचा प्रोग्राम, आता रेडही वाचू शकते आणि एलव्हीएमही. मग ग्रब कर्नल उचलतो आणि सोबत एक छोटी, तात्पुरती व्यवस्था मेमरीत आणतो, तिला इनिट्रॅमएफएस म्हणतात. तिच्यात रेड जुळवायची आणि हिस्से उघडायची हत्यारं असतात. ती पेटी उघडते, खरी सिस्टिम चढते, आणि स्वतः बाजूला होते. वर्षानुवर्षांच्या खटपटीतून आलेली देखणी रचना आहे ही. पूर्वी याच कारणाने कर्नल ठेवायचा छोटा विभाग वेगळा काढून आरशात, म्हणजे रेड-१ मध्ये, ठेवायचा रिवाज होता, आणि मला तो आजही आवडतो. आरशातली प्रत्येक डिस्क एकटीही वाचता येते. रेड-५ मधली एकटी डिस्क म्हणजे पुस्तकाची मधलीमधली पानं.

पण या सगळ्या पायऱ्यांतली पहिली पायरी आरशात नसते. इथे खरी मेख आहे. आपण सहसा आरसा करतो तो डिस्कमधल्या विभागांचा, अख्ख्या डिस्कचा नव्हे. डिस्कच्या टोकावरचे ते ५१२ बाइट कुठल्याच विभागात येत नाहीत, त्यामुळे आरसा त्यांना बघतच नाही. बसवताना ग्रब फक्त पहिल्या डिस्कवर टाकला असेल, तर दुसऱ्या डिस्कवर तुमचा एकेक बाइट जपलेला असतो, पण तिच्या दारावर वॉचमनसाठी काहीच लिहिलेलं नसतं. नव्या, यूईएफआयच्या मशीनमध्ये वॉचमन थोडा शिकलेला आहे, तो एका छोट्या फॅट विभागातली फाइल वाचतो. पण तो विभागही बहुतेक वेळा पहिल्याच डिस्कवर एकटा असतो, आणि वॉचमनच्या यादीत दुसऱ्या डिस्कचं नाव कुणी घातलेलं नसतं.

यावर उपाय अवघड आहे का? अजिबात नाही. ग्रब दोन्ही डिस्कवर टाकायचा. यूईएफआय असेल तर तो छोटा विभाग दोन्हीकडे करायचा, दोन्हीकडे भरायचा, यादीत दोन्ही नावं घालायची, आणि अपडेट आल्यावर दुसरीकडचाही ताजा होतोय ना ते बघायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. जंजिरा बघायला गेला असाल तर मागच्या बाजूचा, समुद्राकडे उघडणारा दर्या दरवाजा नावाड्याने दाखवला असेल. एवढा अजिंक्य किल्ला बांधणाऱ्यांनाही दुसरं दार ठेवावंसं वाटलं होतं. आपले सर्व्हर विकणारे त्यांच्याहून निर्धास्त आहेत.

पहिली डिस्क गेल्यावर काय होतं, ते एका पतसंस्थेत मी पाहिलं आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी दोन दिवस वीज येत-जात होती, तिसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर उठेना. काळा पडदा, वर डावीकडे एक लुकलुकती रेघ. बसवून देणाऱ्याला फोन लागला, तर पलीकडून विचारणा झाली, “डेटा सेफ आहे ना?” सेफ होताच. दुसऱ्या डिस्कवर सगळं होतं, कालच्या संध्याकाळच्या शेवटच्या पिग्मी पावतीपर्यंत. फक्त तिथपर्यंत पोचायची वाट नव्हती. इंजिनिअर येणार, उद्या येणार, घाटात अडकलाय, अशात तीन दिवस गेले. पिग्मी एजंट वहीत लिहून घेत होते. मासेमारी बंदीचा काळ, होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी आणि इंजिनं दुरुस्त करायची हीच वेळ, त्यामुळे पैसे काढायला येणाऱ्यांची गर्दी. शिल्लक दिसत नाही तर रक्कम देणार कशी? एक मासे विकणारी आजी तिन्ही दिवस येऊन बाकावर बसून गेली. तिच्या पासबुकावर शिक्का होता, आकडा होता, सही होती. काउंटरवरची मुलगी तिला सांगत होती, “आजी, पैसे आहेत, पण मशीन बंद आहे.” आजी म्हणाली, “मशीन बंद हाय, मी चालूच हाय की.”

चौथ्या दिवशी मला बोलावलं. पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं, आरसा एका डिस्कवर जुळवला, हिस्से उघडले, दुसऱ्या डिस्कवर ग्रब टाकला. पाऊण तास लागला, त्यातला निम्मा वेळ पेन ड्राइव्ह शोधण्यात गेला. खरेदीच्या फायलीत छापील तक्ता होता: ‘रेड-१: होय.’ पुढे बरोबरची खूण. तक्ता खरा बोलत होता. पहिली डिस्क काढल्यावर सुरू होतो का, असा रकाना त्यात नव्हताच, म्हणून त्यापुढे खूण करायची वेळ कुणावर आली नव्हती.

आता मला नेहमी ऐकवले जाणारे मुद्दे.

पहिला: “आमच्याकडे हार्डवेअर रेड कार्ड आहे, हा प्रश्नच येत नाही.” हे बरंचसं खरं आहे. कार्ड दोन्ही डिस्क स्वतःच्या मागे लपवतं आणि वॉचमनला एकच डिस्क दाखवतं, त्यामुळे पहिली गेली तरी मशीन उठतं. पण मग एकुलती एक वस्तू कोणती उरली? ते कार्ड. ते गेलं तर तशाच जातीचं कार्ड मिळेपर्यंत दोन्ही डिस्क मुक्या, कारण त्यांच्यावरची मांडणी त्या कार्डाच्या भाषेतली. ते कार्ड मुरूडमध्ये कुठल्या दुकानात मिळतं, मला सांगा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, एसी नसलेल्या खोलीत, खाऱ्या दमट हवेत बोर्डांच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी चढलेली मी दर पावसाळ्यात खरवडते. खारा वारा डिस्कला खातो तसा कार्डालाही खातो.

दुसरा मुद्दा, तरुण मंडळींचा आवडता: “सगळं क्लाउडवर टाका ना, कशाला ही खोकी?” टाका, माझी हरकत नाही. मीही बॅकअप बाहेरच ठेवते. पण ३ जून २०२० ही तारीख आठवा. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली, विजेचे खांब वाकले आणि कित्येक गावांना कित्येक आठवडे वीज नव्हती. मोबाइलचे टॉवरही मुके. त्या दिवसांत क्लाउड कुठेतरी सुखरूपच होता. आपणच त्याच्यापासून तुटलो होतो. जनरेटरवर एखादं खोकं तासभर सुरू करून याद्या छापता येणं, कुणाला किती औषध लागतं, कुणाचे किती पैसे आहेत, याची किंमत तेव्हा कळली. ते खोकं उठायला मात्र हवं. शिवाय क्लाउड म्हणजे तरी काय, दुसऱ्या कुणाच्या तरी डिस्कची रांगच. फरक इतकाच की ते लोक डिस्क मरणार हे धरूनच चालतात.

तिसरा मुद्दा सगळ्यात प्रामाणिक असतो: “चालू मशीनला हात कशाला लावायचा?” यावर माझं उत्तर तुमच्या हातातल्या वस्तूत आहे.

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचताय. तो अँड्रॉइड असेल आणि गेल्या काही वर्षांतला असेल, तर त्याच्या पोटात बहुधा हाच सगळा खेळ चाललेला आहे. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून गूगलने एक रचना आणली, तिला ए-बी म्हणतात. फोन उठवणाऱ्या विभागांच्या दोन जागा, ए आणि बी. तुम्ही ए वर रील बघत असता, तेव्हा अपडेट गुपचूप बी वर लिहिलं जातं. मग फोन रीस्टार्ट होतो तो बी वरून. बी नीट उठला तर ठीक. ठरावीक प्रयत्नांत उठला नाही, तर बूटलोडर आपणहून ए वर परत जातो, आणि तुम्हाला फार तर “अपडेट होऊ शकलं नाही” एवढा निरोप दिसतो. सगळ्या कंपन्यांनी हे लगेच उचललं नाही, पण रचना ही अशी.

अँड्रॉइड १० मध्ये पुढची पायरी आली. सिस्टिम, व्हेंडर वगैरे विभागांचे पक्के बांध काढून ‘सुपर’ नावाची एकच मोठी जागा केली आणि त्यात हिस्से कागदावर पाडले. लिनक्सवरचं एलव्हीएम कर्नलमधल्या ज्या यंत्रणेवर उभं आहे, तीच यंत्रणा इथेही वापरली. म्हणजे सामायिक सातबारा तुमच्या खिशातही आहे. आणि आता मुद्द्याचं: फोन उठवायला लागणारा बूट विभाग त्यांनी या सुपरमध्ये टाकला नाही. तो बाहेर, स्वतःच्या पक्क्या बांधात ठेवला, कारण फोनच्या वॉचमनला कागदावरचे हिस्से वाचता येत नाहीत. आणि ए-बी असलेल्या फोनात त्या बाहेरच्या विभागाच्याही दोन प्रती ठेवल्या. पेटी मोठी आणि लवचीक, किल्ली पेटीबाहेर, किल्ल्या दोन, आणि दर अपडेटला दुसरी किल्ली फिरवून बघायची.

म्हणजे पंधरा हजारांच्या फोनला जी शिस्त आहे, ती दीड लाखाच्या सर्व्हरला नाही. का नाही? तंत्र अवघड आहे म्हणून नव्हे, ते फुकट आहे आणि सर्व्हरच्या लिनक्समध्ये फोनच्या आधीपासून आहे. कारण असं की एका वाईट अपडेटने लाखो फोन मेले तर कंपनीचं दिवाळं वाजतं, म्हणून कंपनी काळजी घेते. पतसंस्थेचा सर्व्हर तीन दिवस उठला नाही तर विकणाऱ्याचं काय जातं? काही नाही. उलट भेटीचे पैसे वेगळे लागतात. जातं ते बाकावर बसलेल्या आजीचं, आणि तिला खरेदी समितीत कुणी बोलावलेलं नसतं.

हे छोट्या संस्थांचं दुखणं आहे, मोठ्यांकडे सगळं चोख असतं, असं वाटत असेल तर उरण तालुक्यात या. २७ जून २०१७ ला न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल एकाएकी आंधळं झालं. ते टर्मिनल चालवणारी कंपनी मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातली. नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका कर भरण्याच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला होता आणि मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात काही तासांत पसरला. कुठला कंटेनर कुठे आणि कुणाचा, हे सांगणारे पडदेच काळे पडल्यावर क्रेन आणि ट्रक असून काय उपयोग? हाताने नोंदी करत कामाला लागावं लागलं.

नॉटपेट्याने मारलं कुठे, ते बघा. त्याने डिस्कच्या टोकावरच्या त्या ५१२ बाइटांच्या जागेत स्वतःचा प्रोग्राम लिहिला आणि मशीन रीस्टार्ट व्हायची वेळ लावून ठेवली. मशीन पुन्हा सुरू झालं की डिस्क तपासली जात असल्याचा खोटा पडदा दिसायचा, आणि त्याआड फाइली कुठे आहेत याची सूचीच कुलूपबंद होत असायची. कुणाच्या सर्व्हरमध्ये रेड-१ होतं का? बंदर चालवणाऱ्यांकडे नसेल तर कुणाकडे असेल! पण आरशाचं काम दाखवायचं, पारखायचं नव्हे. विषही तो इमानाने दोन्ही डिस्कवर उतरवतो.

मर्स्कच्या जाळ्यात कोण कोणाला आत येऊ देतं हे सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक गेला तर दुसऱ्यावरून उभा करू, असा हिशेब. रेडचाच हिशेब, फक्त डिस्कऐवजी खंडांवर मांडलेला. ते सगळे एकाच वेळी गेले. सगळे, एक सोडून. आफ्रिकेत घानामधल्या कार्यालयातला एक सर्व्हर हल्ल्याच्या आधीच जाळ्यातून तुटला होता, कारण तिथली वीज गेली होती! तिथून माहिती नेटवरून पाठवायला फार वेळ लागला असता, आणि तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक कर्मचारी डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन लंडनला पोचला. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितलेले आकडे असे: ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले. आपण भारनियमनाला शिव्या घालतो. तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या असलेल्या कंटेनर कंपनीला भारनियमनाने वाचवलं.

रेडमुळे ते वाचले असते असं मी म्हणत नाही, आणि रेडमुळे ते बुडालेही नाहीत. सांगायचंय ते असं, की दीडशे प्रती असूनही ‘सगळं एकदम पडलं तर पहिलं काय आणि कशावरून उठवायचं’ या प्रश्नाचं तयार उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. पतसंस्थेतल्या त्या दोन डिस्कपुढेही हाच प्रश्न होता.

आणि हे नीट करणं आपल्या मातीला परकं आहे, असंही नाही. अलिबागची चुंबकीय वेधशाळा शाळेच्या सहलीत लांबून पाहिली असेल. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं एकोणिसाव्या शतकात मुंबईत कुलाब्याला होत होती. मग मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने मोजमापं बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत वेधशाळेने अलिबागची जागा निवडली आणि लोखंड टाळून, दगडसुद्धा चुंबकीय नसलेला बघून इमारत उभारली. तरीही १९०४ मध्ये अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाब्याला टाळं ठोकलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, आकडे समोरासमोर ठेवले, नवी जागा एकटीने जुन्या जागेचं काम करू शकते याची खात्री केली, आणि मगच जुनी बंद केली. इलेक्ट्रिक ट्राम मुंबईत धावली १९०७ मध्ये. म्हणून ही नोंदींची मालिका न तुटता आजपर्यंत येऊन पोचली आहे. ना रेड होतं, ना क्लाउड. दुसरीवर विसंबण्याआधी दुसरीला काम करायला लावून बघितलं, एवढंच.

तर मला काय हवंय? कोकणात पाऊस लागण्याआधी आपण आगोटीची कामं काढतो. कौलं चाळायची, सरपण आत घ्यायचं, सुकी मासळी भरायची. त्यात आणखी एक अर्धा दिवस घाला. आधी बॅकअप घ्या, वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क त्या खोलीबाहेर न्या, कारण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. मग मशीन रीतसर बंद करा. पहिली डिस्क काढा. सुरू करा. उठलं, तर विकणाऱ्याला चहा पाजा. नाही उठलं, तर तो समोर असतानाच नाही उठलं, हे महत्त्वाचं. एक डिस्क कमी दिसली की काही व्यवस्था मुद्दाम थांबतात आणि माणसाने होकार द्यायची वाट बघतात. तशी तुमची थांबते का, हेही याच वेळी कळेल. रात्री दोनला, पडद्यासमोर कुणी नसताना कळायला नको. मग पहिली डिस्क परत लावा आणि तिची भरपाई पूर्ण होऊ द्या. मोठ्या डिस्कना काही तास लागतात, घाई करू नका. ती पूर्ण झाल्यावरच दुसरी काढून तीच चाचणी उलट बाजूने.

नवीन घेताना बिलाचा शेवटचा हप्ता या चाचणीवर अडवा. विकणारा कुरकुर करील, “असं कुणी मागत नाही हो” म्हणेल. खरंय, कुणी मागत नाही, म्हणूनच तो देत नाही. आणि तुम्ही स्वतः या धंद्यात येणार असाल, गावी परत येऊन छोटं दुकान टाकणार असाल, तर तुमच्या दरपत्रकात हा रकाना स्वतःहून छापा. ‘पहिली डिस्क काढून सुरू केले: होय / नाही. तारीख. सही.’ एवढ्या एका ओळीवर तुम्ही पनवेलच्या दुकानदारापेक्षा वेगळे दिसाल.

एक शेवटचं, फार क्षुल्लक वाटेल असं. चाचणी घेताना दोन्ही डिस्कचे सिरीयल नंबर बघून कुठली वरची, कुठली खालची हे चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी खोक्याला आतून चिकटवा. मेलेली समजून चांगली डिस्क उपटणारे लोक असतात. पेन्सिलीने लिहा, जेलपेनाची शाई इथल्या दमट हवेत एका पावसाळ्यात पसरते. साधी सेलोटेपही सुटून येते, दवाखान्यातली कापडी चिकटपट्टी चालते.